जखम पाहून

सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची एक लहानशी नोंद आहे. त्या युद्धात जे लोक जखमी झाले त्यांना शिवाजीमहाराजांनी होन वाटले, आणि ते सरसकट सारखे न वाटता ज्याची जशी जखम तसे वाटले. बखरीचा सामान्य वाचक वाघनखांपाशी रेंगाळतो आणि ह्या नोंदीवरून पुढे निघून जातो. आमचा पेशा वकिलीचा. त्यामुळे आमचे पाऊल नेमके इथेच अडते. राज्यासाठी ज्याच्या देहाची हानी झाली त्याचे राज्य देणे लागते, हे एक तत्त्व. आणि ते देणे जखम पाहून ठरवावे, हे त्याचे माप. तत्त्व आणि माप एका ओळीत सांगणारा कायदा आजही क्वचितच सापडतो.

मधल्या साडेतीनशे वर्षांत ते माप बरेच सूक्ष्म झाले आहे. आता वैद्यकीय मंडळ बसते, अपंगत्वाची टक्केवारी ठरवते, आणि तो विकार सेवेमुळे जडला की घरून आला ह्याचा निर्णय देते. त्या निर्णयावर पुढे वाद चालतात. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळच्या नियमांचा अर्थ लावताना सांगितले, की भरतीच्या वेळी ज्या विकाराची नोंद झालेली नाही त्यासाठी जवानाला पुढे सेवेतून मुक्त केले, तर तो विकार सेवेतच जडला असे गृहीत धरावयाचे. तसे नाही म्हणावयाचे असेल तर मंडळाने त्याची कारणे लिहून दिली पाहिजेत. आमच्यासारख्या वकिलांना हा निर्णय फार उपयोगी पडला. परंतु निर्णय कितीही उदार असला तरी अखेर प्रश्न उरतो तो बखरीतलाच. जखम पाहून द्यावयाचे, हे खरे. पण जी जखम दिसतच नाही तिचे काय करावयाचे?

अशा जखमेला नाव मिळावयासच फार काळ लागला. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स ह्या इंग्रज डॉक्टरांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात छापून आणला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, अशी त्या काळची कल्पना. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत सूचीत आघातोत्तर तणावविकाराला स्वतंत्र जागा दिली. तोपर्यंत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, रात्री ओरडत उठणाऱ्या सैनिकाला भित्रा, वेडा किंवा बाधा झालेला ह्यांपैकी काहीतरी म्हटले जात असे.

हा विषय आम्हां बेळगावकरांना परका नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आमच्या गावात आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ह्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तो ह्याच पलटणीच्या नावावर. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत, सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लजकडे, असे गाव विरळा की जिथल्या एखाद्या घराच्या भिंतीवर गणवेशातला फोटो नाही. त्या फोटोला हार घातलेला असो वा नसो, घरातील माणसे त्याच्याकडे अभिमानाने बोट दाखवितात. फोटोतला माणूस जिवंत असेल तर तो बहुधा पडवीत बसलेला असतो, आणि त्याचे गुडघे दुखत असतात.

आमचे एक मामा असेच. १९८५ साली भरती झाले, २००९ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. सेवेतली बरीच वर्षे बर्फातल्या ठाण्यांवर गेली. पाठ आणि गुडघे त्यांनी तिथेच ठेवले, असे ते थट्टेने म्हणत. झोपेविषयी मात्र ते थट्टेनेही बोलत नसत. ते मामींकडून कळले. मध्यरात्री दोनच्या सुमाराला ते उठत, दाराची कडी तपासत, परसदारी जाऊन उभे राहत, आणि तांबडे फुटेपर्यंत परत येत नसत. वर्षानुवर्षे त्या माउलीने हे कोणाला सांगितले नाही. सांगावयाचे तरी कोणाला, आणि कोणत्या शब्दांत?

शब्द नसले म्हणजे गाव आपले शब्द देतो. कोणी बाहेरची बाधा म्हणाले. कोणी ग्रहांकडे बोट दाखविले. एक देवऋषी येऊन लिंबू आणि नारळ उतरून गेला. त्याने काही बिघडले नाही आणि काही सुधारलेही नाही. खरा अनर्थ पुढे झाला. तालुक्याच्या बाजारपेठेत बसणाऱ्या एका स्वयंघोषित वैद्याने मामांना सांगितले, की तुमच्या सगळ्या व्याधींचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे इंग्रजी गोळ्या. पाठीचे दुखणे, निद्रानाश आणि रक्तदाब ह्या तिन्हींवर त्याच्याजवळ एकच तेल आणि एकच चूर्ण होते. किंमत मात्र तीन व्याधींची होती. मामांनी निवृत्तिवेतनातून ती भरली आणि रक्तदाबाची गोळी बंद केली. तीन महिन्यांनी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या डाव्या हातातून आरसा गळून पडला.

वेळेवर इस्पितळात नेल्यामुळे ते वाचले. हाताची पकड थोडी कमी झाली, ती कायमची. त्या दिवसांत इस्पितळाच्या ओसरीवर बसून आम्ही कलमे आठवीत होतो. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम हा १९५४ सालचा. काही ठरावीक रोग बरे करून देतो अशी जाहिरात करणे ह्या कायद्याने गुन्हा ठरते, आणि त्या रोगांच्या अनुसूचीत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, संधिवात आहे. कायदा होऊन सत्तर वर्षे उलटली. परंतु त्या वैद्याने जाहिरात केली नव्हती, त्याने कानात सांगितले होते. आणि मामा तक्रार करावयास तयार नव्हते. “मीच गेलो होतो त्याच्याकडे, तो नव्हता आला माझ्याकडे,” असे म्हणून त्यांनी आमचे तोंड बंद केले. लष्करात जन्म घालविलेला माणूस दोष दुसऱ्यावर टाकीत नाही. वकिलाची मोठी पंचाईत होते.

ह्या अनुभवानंतर एखाद्याने म्हणावे, की पर्यायी उपचारांचे नावच काढू नये. आमचेही मन काही दिवस तिकडे झुकले होते. परंतु मामींनी एक प्रश्न विचारला आणि आम्हांला अधिक वाचावयास लावले. त्या म्हणाल्या, “गोळीने रक्त ताळ्यावर आले, मान्य. पण रात्री दोन वाजता ते अजून उठतातच. त्याला तुझ्या डॉक्टरांकडे काय आहे?”

ह्या प्रश्नाचा सर्वांत मोठा आणि पद्धतशीर प्रयोग सध्या अमेरिकेत चालू आहे. तेथील सरकारचे माजी सैनिकांसाठी स्वतंत्र खाते आहे, त्याची स्वतःची इस्पितळे आहेत. इराक आणि अफगाणिस्तान येथून परतलेल्या सैनिकांच्या वेदनांवर ह्या इस्पितळांनी अफूवर्गातील गोळ्या सढळ हाताने दिल्या, आणि त्यातून व्यसनाचे आणि मृत्यूचे नवे संकट उभे राहिले. मिनियापोलिस येथे २४० माजी सैनिकांवर केलेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला: पाठ, कंबर-खुबा आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यावर वर्षभर अफूवर्गातील औषधे घेणाऱ्यांना साध्या वेदनाशामकांपेक्षा अधिक गुण आला नाही. ज्या औषधाची भीती होती त्याचा लाभही संशयास्पद ठरला.

त्याआधीच, जुलै २०१६ मध्ये, व्यसनमुक्तीविषयक एका मोठ्या कायद्यात तेथील संसदेने माजी सैनिकांसाठी पूरक उपचारांचा विस्तार करण्याची तरतूद घातली आणि मनोविकारांवरील अशा उपचारांची तपासणी करण्यास एक आयोग नेमावयास सांगितले. आयोगाचा अहवाल २०२० साली आला. दरम्यान मे २०१७ मध्ये खात्याने एक आदेश काढून काही उपचार आपल्या आरोग्यलाभांत समाविष्ट केले. ते असे: अॅक्युपंक्चर, मर्दन, ध्यान, योग, ताई ची, संमोहन, मार्गदर्शित कल्पनाचित्रण, आणि शरीराच्या खुणा यंत्रावर पाहून त्या आवरण्याचे शिक्षण. यादीतील दोन नावे वाचून आपल्या वाचकांना कौतुक वाटेल. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, त्याची फळे शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियातील सैनिकांच्या इस्पितळात दिसावीत, हे कौतुक अस्थानी नाही.

परंतु आम्ही कौतुकाने न वाचता उलटतपासणी घ्यावी तसे वाचले. सॅन डिएगो येथे पाठदुखीच्या १५० माजी सैनिकांवर योगाची चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे वर्ग. बारा आठवड्यांनी मोजले तेव्हा दैनंदिन हालचालींतील अडचण योग करणाऱ्यांत आणि न करणाऱ्यांत सारखीच होती. सहा महिन्यांनी मोजले तेव्हा योग करणारे पुढे गेले होते. अफूवर्गातील गोळ्या मात्र दोन्ही गटांत कमी झाल्या, म्हणजे त्याचे श्रेय योगाला देता येत नाही. ह्या एका चाचणीत तिन्ही प्रकारचा पुरावा आहे: एक बाजूने, एक विरुद्ध, आणि एक ग्राह्य धरता येणार नाही असा. भक्ताने पहिलाच सांगितला असता आणि निंदकाने दुसराच. इस्पितळाने तिन्ही छापले, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

आमच्या देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांना आणखी एक चाचणी सांगितली पाहिजे. आघातोत्तर तणावविकार जडलेल्या १७३ माजी सैनिकांवर ती झाली आणि तिचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीची, वर्तमान अडचणींवर बोलण्याची मानसोपचार-पद्धत दिली. निम्म्यांना एक पवित्र शब्द निवडावयास सांगितला. कोणत्याही धर्मातला, ज्याचा त्याने निवडावा, आणि तो दिवसभरात, रांगेत उभे असताना, झोपण्यापूर्वी, मन उसळू लागले की, मनात म्हणत राहावा. आठ आठवडे, आठवड्यातून एक तास एवढेच शिक्षण. नाम घेणाऱ्यांत विकाराची लक्षणे अधिक उतरली आणि झोप सुधारली. ही पद्धत ज्यांच्या लेखनावरून घेतली ते एकनाथ ईश्वरन हे १९५९ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी नागपूर विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. वारकऱ्यांच्या मुलखात राहिलेल्या माणसाने नामस्मरण परदेशी नेले, आणि तेथील सैनिकांच्या डॉक्टरांनी ते कोष्टकात मांडले!

असे वाचले की आपल्याकडील माणसाची मान ताठ होते आणि तो लगेच म्हणतो, आमच्या संतांनी हे सातशे वर्षांपूर्वीच सांगितले होते. सांगितले होते, यात शंका नाही. परंतु संतांनी नाम सांगितले ते झोप यावी म्हणून नव्हे, आणि रक्तदाबाची गोळी टाकून द्यावी म्हणून तर नव्हेच. शिवाय निकालपत्राचे शेवटचे पानही वाचावयास हवे. अमेरिकेच्या ह्याच खात्याने आणि तेथील संरक्षण खात्याने २०२३ साली ह्या विकारासाठी उपचारांची मार्गदर्शिका काढली. तीत पहिला मान प्रशिक्षित तज्ज्ञाने समोर बसून करावयाच्या, आघाताच्या आठवणीलाच हात घालणाऱ्या मानसोपचाराला आहे. सजगतेच्या एका ठरावीक ध्यानवर्गाची शिफारस आहे, पण सौम्य शब्दांत. योग, अॅक्युपंक्चर आणि मंत्रजप ह्यांविषयी, बाजूने वा विरुद्ध काहीही म्हणण्याइतका पुरावा अजून नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. एका चाचणीचा जय म्हणजे दाव्याचा निकाल नव्हे.

इथे आमच्या धंद्यातील एक जुने वाक्य उपयोगी पडते. नवा कायदा करताना विधिमंडळाला जुने हक्क बुडवावयाचे नसले, म्हणजे ते एक ठरावीक कलम घालते: ह्या अधिनियमाच्या तरतुदी इतर कायद्यांत भर घालणाऱ्या आहेत, त्यांना उणेपणा आणणाऱ्या नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाचे शंभरावे कलम ह्याच आशयाचे आहे. पूरक उपचार आणि पर्यायी उपचार हे दोन शब्द सर्वत्र जोडीने छापले जातात, जणू काही ते सख्खे भाऊ. वस्तुतः त्यांच्यात ह्या कलमाइतके अंतर आहे. पूरक तो भर घालतो. पर्यायी तो आधीच्याची जागा घेतो. मामांच्या हातातला आरसा पडला तो ह्या दुसऱ्या शब्दामुळे.

आणि हा दुसरा शब्द केवळ बाजारातल्या वैद्यालाच सोयीचा असतो असे नाही. तो सरकारलाही सोयीचा होऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञ घडवावयास वर्षे लागतात आणि नेमावयास पैसे लागतात. सतरंजी अंथरावयास सकाळचा एक तास पुरतो. ज्या तालुक्यात माजी सैनिकाला मनोविकारतज्ज्ञ भेटतच नाही तेथे योगशिबिराचे उद्घाटन करून छायाचित्र छापले, तर ते पूरक कशाला म्हणावे? ज्यात भर घालावयाची ते मूळच तिथे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने सरकारी वा सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्या हक्काची फेड आसनांनी होत नाही.

आपल्याकडे माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. तिची चिकित्सालये आहेत, आणि मामांचे प्राण वाचले त्यात तिचा वाटा आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २०२२ साली संरक्षण मंत्रालयाने ३७ कटकमंडळांच्या इस्पितळांत १ मेपासून आयुर्वेद केंद्रे उघडण्याचा निर्णय जाहीर केला. आम्ही ह्या पावलाचे स्वागत करतो. पदवीधर वैद्य इस्पितळाच्या छताखाली बसला, शेजारच्या खोलीतल्या डॉक्टराला रुग्णाची कोणती गोळी चालू आहे हे विचारू शकला, आणि गुण आला की नाही ह्याची वही ठेवू लागला, तर बाजारातल्या तेलवाल्याची अर्धी दुकानदारी आपोआप बंद होईल. माणूस त्या तेलवाल्याकडे जातो तो मूर्ख म्हणून नव्हे. त्याचे दुखणे पंधरा मिनिटे ऐकून घेणारा दुसरा कोणी त्याला भेटलेला नसतो. वहीची मात्र अट पाहिजे. अमेरिकेपासून घ्यावयासारखे काही असेल तर ते उपचार नव्हेत, ते बरेचसे इकडूनच गेले आहेत. घ्यावयाची ती वही, ज्यात न आलेला गुणही लिहिला जातो.

मामांची हकीगत पुरी करावयाची तर, त्यांना शहरात एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे नेले. जावयास तयार करणे हे आमच्या वकिलीतील कठीण काम होते. “मी वेडा नाही” हा त्यांचा बचाव होता, आणि तो खराही होता. बाईंनी पहिल्या भेटीत औषध लिहिण्याआधी तासभर ऐकले. बर्फाच्या कड्यावरून वाहून गेलेल्या एका सोबत्याचे नाव मामांनी त्या दिवशी प्रथमच घराबाहेरच्या माणसापुढे उच्चारले, असे मामी सांगतात. आज त्यांची रक्तदाबाची गोळी चालू आहे. बाईंकडे महिन्यातून एकदा जाणे आहे. गावातल्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात, काकडआरती आटोपल्यावर, एक निवृत्त शाळामास्तर पाच-सहा माजी सैनिकांना खुर्चीच्या आधाराने आसने शिकवितात. त्यांत मामा असतात. रात्री दोन वाजता ते अजूनही कधीकधी उठतात. परंतु परसदारी न जाता अंथरुणावरच बसून नाम घेतात, आणि पुष्कळदा तसेच पुन्हा निजतात.

आम्ही त्यांना एकदा विचारले, “मामा, ह्यातल्या कशाने गुण आला म्हणायचा?”

ते म्हणाले, “तुला पुराव्यासाठी एकच साक्षीदार लागतो, होय रे? चौकीवर चार पहारेकरी असतात. चौघांची दिशा वेगळी. रात्र सुखरूप गेली तर कोणामुळे गेली असं आम्ही विचारत नव्हतो. पण एक नवा पहारेकरी आला म्हणून जुन्याला कोणी रजा देत नसे.”

कायद्याच्या त्या ठरावीक कलमाचा ह्याहून नेमका अर्थ आम्ही कोणत्याही न्यायमूर्तीच्या लेखणीतून वाचलेला नाही.

तेव्हा आमची विनंती दोन ठिकाणी आहे. सरकारला एवढीच, की माजी सैनिकांसाठी पूरक उपचार जरूर वाढवावेत, पण मूळ उपचाराच्या शेजारी, त्याच छताखाली, वही ठेवून. आणि आपल्या देवस्थानांच्या मंडळींना अशी, की बहुतेक देवळांचे सभामंडप काकडआरतीपासून महापूजेपर्यंत रिकामे असतात. तो एक तास गावातल्या निवृत्त जवानांना द्यावा. त्यासाठी निधी लागत नाही, फलकही लागत नाही. सतरंजी देवळात असतेच. मात्र तिथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारावा: डॉक्टरांनी दिलेली गोळी आज घेतली काय? उत्तर नाही असे आले, तर आसनांच्या आधी त्याला घरी पाठवून ती घेऊन यावयास सांगावे.